पायली

धान्य मोजण्याचे महाराष्ट्र व गोव्यातील पारंपरिक माप. चार शेरांची एक पायली. खालचे कोष्टक दुपटीने चढते: 2 निळवी = 1 कोळवे, 2 कोळवी = 1 चिपटे, 2 चिपटी = 1 मापटे, 2 मापटी = 1 शेर, 2 शेर = 1 अधोली, 2 अधोल्या = 1 पायली. पायलीच्या वर मात्र एकवाक्यता नाही. मण कुठे 12, तर कुठे 16 पायल्यांचा. खंडी 20 मणांची. हा मापी मण 40 शेरांच्या वजनी मणाहून वेगळा असल्याने जुन्या हिशेबात कोणता मण अभिप्रेत आहे, हे आधी ठरवावे लागते.

कुडव, प्रस्थ, आढक, द्रोण ही प्राचीन मापे चौपटीने वाढतात. चिपटे, शेर, पायली हीदेखील. त्यावरून पायली म्हणजेच आढक असे म्हणण्याचा मोह होतो. पण आकारमान जुळत नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. सुमारे 1150) घनहस्त (एक हात लांब, रुंद व उंच घन) म्हणजे मागध खारी, तिचा सोळावा भाग द्रोण व द्रोणाचा चौथा भाग आढक. हात 18 इंचांचा धरल्यास द्रोण सुमारे 6 लिटर आणि आढक दीड लिटर भरतो. उलट 80 तोळे तांदूळ मावणारा शेर धरला, तर पायली साडेचार लिटरांच्या आसपास जाते. चौपटीची रीत टिकली आणि मापाचा आकार गावागावाने ठरवला, हे अधिक संभवनीय वाटते.

शिगेचा, म्हणजे मापाच्या काठावर राहणाऱ्या धान्याच्या राशीचा, प्रश्नही जुनाच. कौटिलीय अर्थशास्त्रात (काळ विवाद्य) माप सुक्या, टणक लाकडाचे व चतुर्थांश शीग राहील असे करावे, असे सांगितले आहे. पुढे पितळी व लोखंडी पत्र्याची मापेही आली. खळ्यावर मोजणारा पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतो आणि मग ‘दोन’, ‘तीन’ असे पुढे मोजतो.

पायलीचे किलो किती, याला एकच उत्तर नाही. लिटरभर तांदूळ साधारण 800 ग्रॅम भरतात, तेवढेच पोहे कितीतरी हलके. वजनी शेराचे गणित मात्र पक्के आहे: 80 तोळे म्हणजे सुमारे 933 ग्रॅम, पावशेर 233, नवटाक 117, छटाक 58. आज बाजारात पावशेर मागितले की 250 ग्रॅम मिळते आणि नवटाक म्हटले की 125; नावे जुनी, वजने नवी.

वजने-मापे मानक अधिनियम 1956 चा. मेट्रिक वजने 1 ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. ‘पायलीचे पन्नास’ हा वाक्प्रचार रूढ आहे. कोकण व गोव्यात भातशेतीचा आकारही खंडीत सांगण्याची पद्धत आढळते.