ब्लॉकेज दिसला म्हणून स्टेंट? एका वादाची पार्श्वभूमी

अँजिओग्राफीच्या (धमन्यांत रंगद्रव्य सोडून केलेल्या क्ष-किरण तपासणीच्या) अहवालात ७० किंवा ८० टक्के ब्लॉकेज असा आकडा आला की घरच्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी, कधी टाकायचा? हार्ट अटॅक चालू असेल तर याचं उत्तर निर्विवाद आहे. बंद पडलेली धमनी जितक्या लवकर उघडेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो, माणूस वाचतो. वाद आहे तो स्थिर अंजायनाचा. भरभर चालताना किंवा जिना चढताना छाती आवळल्यासारखी वाटते, थांबलं की दोन-चार मिनिटांत बरं वाटतं आणि हे महिनोन्‌महिने त्याच प्रमाणात चालू राहतं, अशा रुग्णाचं काय करायचं, यावर हृदयरोगतज्ज्ञांमध्ये गेली दोन दशकं कडाक्याचे मतभेद आहेत.

या दुखण्याचं नेमकं वर्णन १७६८ मध्ये लंडनमधल्या एका व्याख्यानात झालं होतं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमनीत गुठळी होऊनही माणूस जगू शकतो, हे १९१२ मध्ये मांडलं गेलं. त्यानंतर बराच काळ उपचार म्हणजे मुख्यतः नायट्रोग्लिसरीन आणि आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून राहणं. आजच्या वादाचं मूळ मात्र १९५८ मध्ये आहे. त्या वर्षी अमेरिकेत एका तपासणीच्या वेळी नळी चुकून उजव्या कोरोनरी धमनीत सरकली आणि महाधमनीसाठी असलेलं रंगद्रव्य थेट तिच्यात गेलं. हृदयाचे ठोके थांबले. रुग्णाला जोरात खोकायला सांगितलं आणि ठोके परत सुरू झाले. असं झालं तर माणूस दगावणारच, असा तोवरचा समज होता. तो त्या दिवशी मोडला आणि जिवंत माणसाच्या कोरोनरी धमन्या पडद्यावर पाहता येऊ लागल्या.

एकदा अडथळा दिसू लागल्यावर तो दूर करायची ओढ लागणं स्वाभाविक होतं. पायातली शीर वापरून अडथळ्याला वळसा देणारी बायपास १९६७ पासून रुळली, १९७७ मध्ये झुरिकला पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी झाली, १९८६ मध्ये माणसाच्या कोरोनरी धमनीत पहिला स्टेंट बसला आणि २००२-०३ च्या सुमारास औषध लावलेले स्टेंट आले. तंत्र झपाट्याने सुधारत गेलं. या सगळ्यामागचं चित्र तुंबलेल्या नळाचं होतं: नळ मोकळा केला की पाणी वाहणार.

त्या चित्रातलाच आकडा म्हणजे टक्केवारी, आणि ती फसवी आहे. अहवालातले ७० टक्के हे धमनीच्या व्यासाचे असतात. व्यास ५० टक्क्यांनी कमी झाला तर आतलं क्षेत्रफळ ७५ टक्क्यांनी घटतं. व्यास ७० टक्क्यांनी घटला तर क्षेत्रफळ जवळपास ९१ टक्क्यांनी. ऐकून धडकी भरते. पण १९७४ च्या सुमारास कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांत उलटंच दिसलं: व्यास ८५ टक्क्यांच्या आसपास अरुंद होईपर्यंत विश्रांतीतला रक्तप्रवाह कमी होत नाही. सूक्ष्म रक्तवाहिन्या सैल होऊन तूट भरून काढतात. कमी होते ती राखीव क्षमता, म्हणजे गरजेला रक्तप्रवाह वाढवण्याची ताकद, आणि तिची घसरण ५० टक्क्यांच्या जरा आधीपासूनच सुरू होते.

राखीव क्षमतेला इतकं महत्त्व का, हे हृदयाच्या कामात आहे. विश्रांतीतही हृदय आपल्या रक्तातला ७० ते ८० टक्के प्राणवायू काढून घेतं. पायाच्या स्नायूला श्रमात तेवढ्याच रक्तातून जास्त प्राणवायू ओढता येतो. हृदयाला ती सोय फारशी नाही. त्याला जास्त रक्तच लागतं, एरवीच्या चौपट-पाचपट. त्यातून डाव्या बाजूच्या स्नायूला बहुतेक रक्त मिळतं ते दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात, आणि नाडी वाढली की तो विसावा आखडतो. त्यामुळे बसल्या जागी काही होत नाही आणि जिन्यावर छाती भरून येते. दुखणं खरं असतं. पण त्यावरून पुढचा अटॅक कुठे येणार, हे कळत नाही.

इथे दुसरा धागा येतो. अटॅकमध्ये सापडणारी गुठळी हे कारण की परिणाम, यावर १९७० च्या दशकात खरोखर दुमत होतं. १९८० मध्ये अटॅकच्या पहिल्या काही तासांतच केलेल्या अँजिओग्राफीचे निष्कर्ष आले: पहिल्या चार तासांत तपासलेल्या १२६ पैकी ११० जणांची धमनी पूर्ण बंद होती. गुठळी विरघळवणाऱ्या औषधांचा रस्ता मोकळा झाला. १९८८ मध्ये १७,१८७ रुग्णांच्या चाचणीत ॲस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज मिळून पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू सुमारे ४२ टक्क्यांनी घटले. त्याच सुमारास अटॅकच्या आधी झालेल्या अँजिओग्राफी पुन्हा पाहिल्या गेल्या, तेव्हा दिसलं की पुढे बंद पडलेल्या जागा आधी बऱ्याचदा ५० टक्क्यांहून कमीच अरुंद होत्या. पातळ आवरणाचा मेदाचा थर फाटतो, त्यावर गुठळी धरते आणि अटॅक येतो. अटॅकच्या अगदी आधी हे थर वाढलेले असतात, असं नंतरच्या काही अभ्यासांनी म्हटलं, ते मान्य. तरीही थर हा आजार सगळ्या धमन्यांचा आहे आणि स्टेंट एका जागेचा, ही अडचण उरतेच. औषध सगळीकडे पोचतं: १९९४ मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीत कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनमुळे एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. माझ्या मते स्थिर रुग्णाच्या बाबतीत त्या काळातली सर्वांत मोठी घटना हीच, पण तिचा गाजावाजा स्टेंटइतका झाला नाही.

२००७ मध्ये २,२८७ स्थिर रुग्णांचा अभ्यास आला. औषधांच्या जोडीला अँजिओप्लास्टी केल्याने मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नाहीत. आक्षेप आले: रुग्ण कमी धोक्याचे होते, स्टेंट जुने होते. मग ३७ देशांत ५,१७९ रुग्णांची चाचणी झाली, तीही ताण-तपासणीत मध्यम ते तीव्र दोष निघालेल्यांची. २०१९ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष तसाच होता. सरासरी तीन वर्षांत स्टेंट-बायपासच्या गटात १४५ मृत्यू, आधी फक्त औषधं दिलेल्या गटात १४४. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले आणि हृदयाची पंपशक्ती फार घटलेले रुग्ण त्यात नव्हते. त्यांना हा निष्कर्ष लावता येत नाही, आणि हे वाक्य बातम्यांत सर्रास गळतं.

मग स्टेंटने बरं वाटतं त्याचं काय? इथे एक जुनी नोंद पुन्हा वाचण्यासारखी आहे. १९५० च्या दशकात छातीतली एक धमनी बांधून अंजायना बरा करायची शस्त्रक्रिया लोकप्रिय होती. १९५९ आणि १९६० मध्ये दोन छोट्या चाचण्यांत काहींना फक्त कातडीला छेद दिला, धमनी बांधलीच नाही. त्यांनाही तितकंच बरं वाटलं. शस्त्रक्रिया मागे पडली. अँजिओप्लास्टीला हीच कसोटी लागायला ४० वर्षं लागली. २०१७ च्या चाचणीत २०० रुग्णांना आधी भरपूर औषधं दिली, मग गुंगीचं औषध देऊन, कानांवर संगीताचे हेडफोन लावून अर्ध्यांनाच स्टेंट टाकला. व्यायामाच्या वेळेत फरक पडला १६.६ सेकंदांचा, सांख्यिकीदृष्ट्या नगण्य. २०२३ मध्ये त्याच पद्धतीने ३०१ रुग्णांना अंजायनाची औषधं बंद करून तपासलं, तेव्हा मात्र स्टेंटने दुखणं स्पष्टपणे कमी झालं. पुष्कळ जणांचं पूर्ण गेलं नाही, तरी आराम हा नुसता मनाचा खेळ नाही हे सिद्ध झालं.

म्हणजे स्थिर रुग्णासाठी स्टेंट हा मुख्यतः दुखण्यावरचा उपाय ठरतो, आयुष्य वाढवण्याचा नव्हे. यावरही पडदा पडलेला नाही. ३७ देशांच्या चाचणीतल्या रुग्णांचा सात वर्षांपर्यंतचा पाठपुरावा २०२२ मध्ये आला: एकूण मृत्यू जवळपास सारखेच, स्टेंट-बायपासच्या गटात १२.७ आणि औषधांच्या गटात १३.४ टक्के. त्यात हृदयामुळे झालेले मृत्यू स्टेंट-बायपासच्या गटात कमी, इतर कारणांचे जास्त. एका बाजूने हृदयामुळे झालेल्या मृत्यूंचा आकडा पुढे केला, दुसऱ्या बाजूने एकूण मृत्यूंची बेरीज.