ब्रेक सिलिंडरला किट टाकायचं की सिलिंडरच बदलायचा?

जुन्या गाडीचं ब्रेक पॅडल मऊ लागायला लागलं, चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेक ऑइलचा ओघळ दिसला, की हा प्रश्न हमखास येतो. सिलिंडर म्हणजे ब्रेक ऑइलचा दाब तयार करणारा किंवा चाकापाशी तो वापरणारा भाग; किट म्हणजे त्यातल्या रबरी भागांचा संच. बऱ्याच ठिकाणी जे स्वस्त ते करून मोकळे होतात. पण याचं उत्तर गाडी कोणत्या काळातली आहे यावरही अवलंबून असतं. ब्रेकमधला जवळजवळ प्रत्येक भाग त्या त्या वेळच्या अडचणीवरचा तोडगा आहे, आणि तोडगे बदलत गेले तशी दुरुस्तीची रीतही बदलली.

सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीचाच ब्रेक होता: लाकडी ठोकळा चाकाच्या लोखंडी धावेवर दाबायचा. रबरी टायर आले आणि ठोकळा टायरच खाऊ लागला. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये ब्रेकच्या घर्षण-अस्तराचा धंदा सुरू केला; फेरोडो ती हीच कंपनी. १९०२ मध्ये लुई रेनॉ यांनी ड्रम ब्रेक आणला: चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला (ड्रम) आतून कमानीसारखे शू दाबायचे. त्याच वर्षी फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं, म्हणजे फिरती चकती दोन्ही बाजूंनी पॅडने दाबणाऱ्या ब्रेकचं, पेटंट घेतलं, पण धातूवर धातू घासून तो इतका किंचाळायचा की पुढची पन्नास वर्षं ड्रमचीच गेली.

१९०८ च्या सुमारास लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घर्षण-अस्तरात, ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज आलं. उष्णता सोसणारं, स्वस्त, टिकाऊ. शू काढायचा, झिजलेला लायनर उतरवायचा, नवा रिव्हेट मारून बसवायचा, हे काम कित्येक दशकं गॅरेजमध्येच होत असे. लायनर वेळेवर बदलला नाही तर रिव्हेटचं डोकं ड्रमला घासून चर पडे. मग ड्रम लेथवर घ्यायचा. ड्रमचा व्यास वाढला की नवा शू फक्त मधोमध टेकतो, म्हणून लायनरही त्या गोलाईला घासून घेत. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात कायमची बसते हे पटल्यावर ही घासाई मागे पडली. ब्रिटनने १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. तरी जुन्या गाडीच्या ड्रममध्ये ते अजून असू शकतं. तिथे कॉम्प्रेसरची हवा मारू नये, ओल्या फडक्याने पुसावं.

आता मूळ प्रश्नाकडे. पूर्वी पॅडलचा जोर सळ्या आणि केबलने चाकांपर्यंत जायचा. चारही चाकांना तो सारखा मिळेल असं जमवणं म्हणजे डोकेदुखी, आणि बिघडलं तर दुरुस्ती म्हणजे पाना आणि चिकाटी. माल्कम लॉकहीड यांनी त्याऐवजी द्रवाचा दाब वापरला. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीला चारही चाकांवर हायड्रॉलिक ब्रेक होते, पण सुरुवातीचे चामड्याचे सील गळत. क्रायस्लरने १९२४ मध्ये रबरी कप वापरून ते सुधारलं. फोर्डने मात्र थेट १९३९ च्या मॉडेलवर हायड्रॉलिक दिलं.

किटचा जन्म या रबरी कपातून, म्हणजे सिलिंडरमध्ये सरकणाऱ्या सीलमधून, झाला. कप झिजतो, सिलिंडर बीडाचा. तो जास्त टिकतो. तेव्हा कप बदला, आतला पृष्ठभाग होन (घासायचं हत्यार) मारून साफ करा, काम झालं. हिशोब अगदी बरोबर होता. तो चुकवला ब्रेक ऑइलने. सुरुवातीला एरंडेल आणि अल्कोहोलचं मिश्रण वापरत. नंतर ग्लायकोलवर आधारलेलं ऑइल आलं, आणि ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ या प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, ओल शोषल्यावर किमान १४० इतकाच. घाटात ब्रेक तापले की ऑइलची वाफ होते आणि पॅडल खाली जातं. हे सगळ्यांना माहीत असतं. कमी लोकांच्या लक्षात येतं ते असं की हीच ओल सिलिंडर आतून गंजवते.

मास्टर सिलिंडर (पॅडलला जोडलेला मुख्य सिलिंडर) उघडून पाहिला तर कप रोज जेवढा सरकतो तेवढा भाग आरशासारखा गुळगुळीत असतो. त्याच्या पुढे, जिथे कप कधी पोचतच नाही, तिथे बारीक खड्डे पडलेले असतात. ब्रेक लाइनमध्ये शिरलेली हवा काढताना कुणीतरी पॅडल पार तळापर्यंत दाबतो, कप त्या खड्ड्यांवरून जातो, त्याची कड फाटते. काल चालत असलेला सिलिंडर हवा काढल्यावर लगेच गेला, तर त्यामागे बहुधा हेच असतं. हे खड्डे होनने जात नाहीत. अशा वेळी नवा सिलिंडर, किंवा तो मिळतच नसेल तर जुन्यात पितळी वा स्टेनलेस स्लीव्ह (आतून बसवलेली नळी). खड्ड्यांवर नवं किट टाकणं म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही वाया.

डिस्कचं पुनरागमन शर्यतीतून झालं. १९५३ मध्ये ल मान्सची शर्यत डनलॉप डिस्क लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने जिंकली. १९५५ च्या सित्रोएन डीएसला पुढे डिस्क होत्या. ड्रम तापला की फुगून शूपासून दूर जातो, डिस्क फुगते ती पॅडकडे. जुन्या गाडीला डिस्क बसवणारे एक गोष्ट विसरतात: ड्रमच्या अनेक मास्टर सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह असतो. ड्रममध्ये शूची स्प्रिंग ओढून घेते म्हणून चालतं. डिस्कला तशी स्प्रिंग नाही, त्यामुळे पॅड घासत राहतात. शिवाय डिस्कला दाबही जास्त लागतो, म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर बहुधा लागतो.

या बदलांपैकी एक मात्र जुन्या गाडीत मुद्दाम आणण्यासारखा आहे. एकाच सर्किटच्या, म्हणजे सगळ्या चाकांना एकच ऑइल-लाइन असलेल्या, गाडीत एक होज (रबरी नळी) फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. अमेरिकेने १९६८ पासून नव्या मोटारींना दोन स्वतंत्र सर्किट सक्तीची केली. त्याआधीच्या गाडीचा मास्टर सिलिंडर बदलायचाच असेल तर माझ्या मते दुहेरी सिलिंडर बसतो का ते आधी पाहावं. मूळ रूप जपण्याचा हट्ट इतर भागांसाठी ठेवावा.