दोघंच उरतात तेव्हा : उतारवयातल्या नात्यांची पार्श्वभूमी

मुलं आपापल्या मार्गाला लागली, नोकरी संपली, घरात दोघंच उरली. हा काळ आज वीस-पंचवीस वर्षं चालू शकतो आणि माणसाच्या इतिहासात हे नवं आहे. १९०० च्या सुमारास जगाचं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं. बालमृत्यूंमुळे तो आकडा फार खाली दिसतो, हे खरं. तरीही शेंडेफळ हाताशी येईपर्यंत आई-बापांपैकी एक जण गेलेला असणं तेव्हा नवलाचं नव्हतं.

निवृत्तीही तशी अलीकडचीच. बिस्मार्कच्या जर्मनीत १८८९ मध्ये वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला, तेव्हा वयाची अट ७० होती. १९१६ मध्ये ती ६५ वर आली. अमेरिकेनेही १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात ६५ हेच वय धरलं. हाती स्वतःचा पैसा आल्यामुळे म्हाताऱ्यांना मुलांच्या आधाराशिवाय वेगळं राहता येऊ लागलं.

पण नोकरीबरोबर दिवसाची घडीही जाते. चाळीस वर्षं सकाळी नऊला बाहेर पडणारा माणूस अकरा वाजता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारतो, ‘हे डबे इथे कशाला ठेवलेस?’ आणि बायकोचा पारा चढतो. भांडण डब्यांवरून दिसतं, खरं तर ते कुणाची हद्द कुठे संपते यावरून असतं. होम्स आणि राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या बदलांच्या ताणाला गुण दिले : जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, निवृत्ती ४५, मुलांनी घर सोडणं २९. ज्याच्यासाठी निरोप समारंभ होतो, त्या बदलाला ४५ गुण आहेत, हे समारंभात कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

अभ्यासकांनीही या वयावर बराच काळ अन्याय केला, असं मला वाटतं. १९६१ मध्ये कमिंग आणि हेन्री यांनी मांडलं की, वय वाढतं तसा माणूस समाजातून अंग काढून घेतो, समाजही त्याला सोडतो, आणि हे स्वाभाविकच आहे. त्यावर पुढे खूप टीका झाली. १९९० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी त्याच निरीक्षणाचा वेगळा अर्थ लावला. माणसांचं वर्तुळ लहान होतं ते बरेचदा माणूस स्वतः निवड करतो म्हणून : हाताशी वेळ थोडा आहे असं जाणवलं की ओळखीपाळखी गळतात, जिवाभावाची माणसं राहतात. तरुणांना ‘लवकरच एकट्याने दूर जायचंय’ अशी कल्पना करायला लावली, तर तेही जवळच्यांनाच निवडतात. म्हणजे प्रश्न वयाचा कमी, उरलेल्या वेळेचा जास्त.

निवडीची दुसरी बाजू घटस्फोटाची. कॅलिफोर्नियात १९७० पासून जोडीदाराचा दोष सिद्ध न करता वेगळं होता येऊ लागलं. मग इतर राज्यंही त्या वाटेने गेली. अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात पन्नाशीपुढच्यांमधलं घटस्फोटाचं प्रमाण दुप्पट झालं. २०१० मध्ये घटस्फोट घेणाऱ्या दर चार जणांमागे एक जण त्या वयाचा होता.

नव्याने जोडी जमवणारेही आहेत. त्यांच्या आड सहसा प्रेम येत नाही, कागद येतात. काही ठिकाणी पुनर्विवाह केला की दिवंगत जोडीदारामुळे मिळणारं पेन्शन थांबतं, आणि वारसाहक्काच्या धास्तीने मुलं नाराज होतात. म्हणून काही जण लग्न टाळून एकत्र राहतात. काही आपापलं घर न सोडताच एकमेकांचे होतात.