काम सॉर्टचं, उत्तर आपल्या हातात

निपाणी-खानापूरकडच्या एखाद्या पतसंस्थेची सभासद यादी घ्या. निम्मी नावं मराठीत, निम्मी कन्नडमध्ये, आणि ती क्रमाने लावायची आहेत. सी भाषेत त्यासाठी सगळा कोड स्वतः लिहीत बसायचं कारण नाही. लिनक्समध्ये ‘सॉर्ट’ हा प्रोग्राम आयता असतो. त्याला कामाला लावायचं आणि त्याचं उत्तर पडद्यावर न जाऊ देता आपल्याकडे घ्यायचं.

नवखी पोरं आधी ‘सिस्टम’ हे फंक्शन वापरून बघतात. कमांड चालते, पण यादी थेट टर्मिनलवर जाते. आपल्या हाती येतो तो फक्त काम कसं संपलं हे सांगणारा आकडा. मजकूर हवा असेल तर ‘पीओपन’. ते फाइलसारखा वाचता येणारा पॉइंटर, म्हणजे त्या मजकुराकडे नेणारा पत्ता, देतं, त्यातून ‘एफगेट्स’ने ओळी वाचायच्या आणि शेवटी ‘पीक्लोज’ करायचं. कमांड शेलमधून, म्हणजे कमांडचा अर्थ लावून ती चालवणाऱ्या प्रोग्राममधून, जाते, तेव्हा कुणीही टाइप केलेलं फाइलचं नाव तिच्यात जसंच्या तसं घालू नका. त्या नावात अर्धविराम घालून कुणी दुसरीच कमांड चालवू शकतो.

आत काय घडतं? आधी पाइप, म्हणजे एका प्रोग्रामचा मजकूर दुसऱ्याकडे नेणारी नळी, तयार होतो, मग ‘फोर्क’ने चालू प्रोसेसची, म्हणजे चालत असलेल्या प्रोग्रामची, प्रत निघते. या प्रतीचं 1 नंबरचं, म्हणजे आउटपुटचं, तोंड पाइपला जोडलं जातं आणि ‘एक्झेक’ तिच्या जागी नवा प्रोग्राम बसवतं. चुकांचे संदेश 2 नंबरने जातात, त्यामुळे ते पाइपात येत नाहीत. तेही हवे असतील तर कमांडच्या शेवटी 2>&1 लिहायचं. प्रोग्राम बागेतल्या नळीसारखे एकमेकांना जोडता यावेत, असं बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांनी 1964 मध्येच लिहून ठेवलं होतं. लिनक्स जिच्या धर्तीवर बनलं त्या युनिक्समध्ये पाइप आला 1973 साली, केन थॉम्पसन यांच्या हातून.

खरी गंमत पुढे आहे. पाइपची एक कुवत असते, लिनक्सवर सहसा 65,536 बाइट. पाइप भरला की लिहिणारा प्रोग्राम जागीच थांबतो. फोर्क आणि पाइप स्वतः हाताळताना कुणी आधी ‘वेटपिड’ने मुलाची, म्हणजे फोर्कने निघालेल्या प्रतीची, प्रोसेस संपायची वाट बघितली आणि वाचन मागे ठेवलं, तर मूल म्हणतं तू वाच, बाप म्हणतो तू संपव. दोघंही ढिम्म. चाचणीत हे सापडत नाही, कारण शंभर नावांची यादी पाइपात आरामात मावते. काही हजार नावं आली की अडकलंच! म्हणून आधी शेवटपर्यंत वाचायचं, मग वाट बघायची.

यादी फाइलमध्ये नसून आपणच सॉर्टला द्यायची असेल तर दोन पाइप लागतात, कारण साधं पीओपन एकेरी आहे. सॉर्टचा स्वभावही ध्यानात ठेवायला हवा: शेवटची ओळ वाचल्याशिवाय तो पहिली ओळ बाहेर काढू शकत नाही. आपण लिहिण्याचं टोक बंद केलं नाही, तर त्याला यादी संपल्याचं कळतच नाही. आणि फोर्कमुळे त्या टोकाची प्रत मुलाकडेही गेलेली असते. तीही बंद करायची, हे हमखास राहून जातं.

लोकेल, म्हणजे भाषेप्रमाणे क्रम ठरवणारी सेटिंग, ‘सी’ ठेवलं तर सगळी मराठी नावं वर आणि कन्नड नावं खाली लागतात. सीमाभागात यावरूनही वाद रंगेल, पण कारण साधं आहे: तेव्हा सॉर्ट फक्त आकडे बघतो, आणि प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला आकडा देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरीचा पट्टा 2304 पासून सुरू होतो आणि कन्नडचा 3200 पासून. हे आकडे बाइटमध्ये साठवायच्या यूटीएफ-8 या पद्धतीत दोन्ही लिपींतलं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं. मात्राही वेगळी मोजली जाते. ‘बेळगाव’ 18 बाइटचं, कन्नड लिपीतलं ‘बेळगावी’ 21 बाइटचं. एफगेट्सला 128 ची जागा दिली तर ते एका वेळी 127 बाइटच उचलतं. नावापुढे मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा असा सगळा पत्ता असला, तर एखादं अक्षर मधोमध तुटून पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. तुकडे आधी जोडा आणि मग छापा. नाहीतर सरळ ‘गेटलाइन’ वापरा, ते ओळ कितीही लांब असली तरी अख्खी आणून देतं.