झिजलेला सागवानी डेक : तात्पुरती डागडुजी

बोटीचा सागवानी डेक झिजला, की तो उखडून नवा बसवण्याचे काम मालक शक्य तितके पुढे ढकलतो. मधली वर्षे ज्या वरवरच्या उपायांवर निघतात त्यांची ही नोंद आहे. धुणे, उजळवणे, तेल देणे, घासून सपाट करणे, फळ्यांच्या सांध्यांतला भराव आणि स्क्रूंवरची लाकडी बुचे बदलणे, ही त्यातली मुख्य कामे. शेवटची दोन थोडीफार खरी दुरुस्ती म्हणता येतील. बाकीची रंगसफेदी आहे, आणि तिच्यापायी डेकचे आयुष्य अनेकदा कमीच होते.

अंगच्या तेलामुळे साग पाण्यात सहसा कुजत नाही, फुगणे-आकसणे कमी, आणि ओला असतानाही त्यावर पाय घसरत नाही. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. त्या काळच्या जहाजांचे डेक जाडजूड फळ्यांचे असत. खलाशी गुडघ्यांवर बसून ते वाळू आणि वालुकाश्माच्या दगडाने घासत, तरी पिढ्यान्‌पिढ्या टिकत. पण झीज तिथेही होतच होती. फळ्या बदलण्याचा खर्च परवडेना, तेव्हा १९३१ मध्ये अमेरिकी नौदलाने हा दगड फक्त डाग काढण्यापुरता वापरण्याचा हुकूम काढला.

आजच्या फायबरग्लासच्या नौकांवर साग बहुधा केवळ पांघरुणापुरता असतो: १० ते १२ मिलिमीटर जाडीच्या अरुंद पट्ट्या, मधल्या खाचांत काळा रबरी सीलंट. १९७०-८०च्या दशकांत, विशेषतः तैवानमध्ये बांधलेल्या अनेक नौकांवर या पट्ट्या शेकडो स्क्रूंनी खालच्या डेकला आवळलेल्या आहेत. प्रत्येक स्क्रूचे डोके लाकडात खोल बसवून वर सागाचेच गोल बूच ठोकलेले असते. दोन फायबरग्लास थरांच्या मध्ये बाल्साचे हलके लाकूड असेल, तर प्रत्येक स्क्रू म्हणजे पाणी आत शिरायची एक वाट. जाडी सहा मिलिमीटरच्या आसपास आली, की खाच उथळ होते, बुचे पातळ होऊन निघू लागतात, आणि डागडुजीलाही फार वाव उरत नाही.

राखाडी रंग हा आजार नाही. उन्हाने पृष्ठभागावरचे लिग्निन (लाकडाचे तंतू बांधून ठेवणारा घटक) सुटते, पावसाने धुपते आणि साग चंदेरी दिसू लागतो. हा थर अगदी पातळ असतो. मऊ स्पंज आणि समुद्राचे पाणी एवढ्यावर भागत असेल तर तेवढेच करावे, कारण खारे पाणी बुरशीलाही आळा घालते. घासायचे ते लाकडाच्या रेषांना आडवे. रेषांच्या दिशेने कडक ब्रश फिरवला, की त्यांच्यामधले मऊ लाकूड निघून जाते, टणक रेषा उभ्या राहतात आणि डेकवर नांगरल्यासारख्या सऱ्या पडतात. पाण्याचा जोरदार फवारा मारणारा पंप हेच काम काही मिनिटांत करतो.

बाजारातली दोन बाटल्यांची उजळणी द्रावणे त्याहून जहाल. पहिल्या बाटलीत तीव्र अल्कली, दुसरीत तिला मारून रंग उजळणारे आम्ल. डेक नव्यासारखा सोनेरी होतो खरा, पण प्रत्येक खेपेला थोडे लाकूड पाण्याबरोबर वाहून जाते. ऑक्झॅलिक ॲसिडचे सौम्य द्रावण त्या मानाने बरे. जवसाचे किंवा तुंगाचे तेल दिले की रंग खुलतो, मात्र काही आठवड्यांत काळवंडतो, धूळ धरतो, आणि दमट हवेत बुरशीला आयते खाद्य मिळते. डेकला व्हार्निश देऊच नये. ओला झाला की पाय घसरतो.

सऱ्या घालवण्यासाठी यंत्राने घासण्याचा मोह सर्वात महागात पडतो. उरलेल्या सहा मिलिमीटरांतला एक घालवला, तर बुचेही तेवढीच पातळ होतात. फळ्या झिजून सीलंट वर डोकावत असेल, तर लाकडाला हात न लावता फक्त तो छाटावा. धारदार पटाशी किंवा ब्लेड आडवे धरून सांध्यावरून ओढले, की वरची कड दोरीसारखी निघते. पाय अडकून सांधे फाटायचे थांबतात आणि डेकही एकदम नीटनेटका दिसतो. कमीत कमी लाकूड घालवून जास्तीत जास्त फरक पाडणारा उपाय हाच.

बूच बदलताना घाई नको. उघड्या पडलेल्या स्क्रूवर नुसता सीलंट थापणे ही सर्रास दिसणारी पळवाट आहे, तो थर महिन्याभरातही सुटू शकतो. स्क्रू काढून भोक थोडे खोल करावे. तेवढे लाकूड नसेल, तर स्क्रू कायमचा काढून भोकात एपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारा गोंद) भरावी. खालचा चिकट थर शाबूत असला तर फळी त्यावरही राहते. तीन मिलिमीटरपेक्षा पातळ बूच फारसे टिकत नाही. बसवताना बुचाच्या रेषा फळीच्या रेषांशी जुळवाव्यात. एपॉक्सी वाळल्यावर वर आलेला भाग एका घावात उडवू नये: आधी पटाशीने थोडा वरून छाटावा, रेषा कुठल्या बाजूला उतरतात ते बघावे आणि मग त्याच उतरत्या बाजूकडून सपाट करावे. उलट बाजूने छाटले, तर बूच फळीच्या पातळीखाली चिरते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सांधा भरतानाही तयारीलाच वेळ लागतो. जुना भराव पूर्ण खरवडून, खाचेच्या दोन्ही बाजू ॲसिटोनने पुसाव्यात, कारण सागाच्या तेलामुळे सीलंट धरत नाही. तळाशी अरुंद टेप घालावी. मग सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटतो आणि लाकूड हलले तरी रबरासारखा ताणला जातो. तळालाही चिकटला तर एका कडेने सुटतो. घरगुती सिलिकॉन वापरू नये. त्याचा अंश लाकडात राहतो आणि नंतर तिथे दुसरे काहीच नीट चिकटत नाही.

कुठला सांधा गळतो, हे शोधायची सोपी युक्ती आहे: डेक भिजवावा आणि वाळताना बघत बसावे. आजूबाजूचे लाकूड उजळ झाले तरी ज्या सांध्याच्या कडेला ओली रेघ रेंगाळते, तिथे पाणी आत आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बद्द आवाज आला, तर फळी सुटली आहे किंवा खालचा बाल्सा भिजला आहे. ताजे तेल किंवा उजळणी या खुणा झाकते, म्हणून जुनी नौका घेणाऱ्याने नुकताच चकचकीत केलेला डेक पाऊस पडून गेल्यावर पुन्हा पाहावा.

शेवटी काही जण डेकवर खरखरीत रंग देतात किंवा कृत्रिम सागाची पीव्हीसीची चादर चिकटवतात. साग ओला-सुका होताना हलतो, त्यामुळे रंग सांध्यांवरच आधी तडकतो. चादरीखाली अडकलेले पाणी बाल्सापर्यंत पोहोचायला मोकळे होते, आणि पुढे साग काढायची वेळ आली की आधी चादर आणि तिचा गोंद खरवडावा लागतो.