प्रिंटसाठी आणि सल्ल्यासाठी फोटो देताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घरगुती फोटोंच्या प्रिंट काढून घेण्यासाठी, तसेच “हा फोटो असा का आला?” हे विचारण्यासाठी नागपूरच्या महाल भागातील आमच्या दुकानात येणाऱ्या ग्राहकांकरिता हे पत्रक आहे.

तान्हा पोळा झाला की पुढच्या आठवड्यात एक प्रसंग ठरलेला असतो. लाकडी नंदी ओढणाऱ्या नातवाचा फोटो आजोबांना १२ बाय १८ इंचांत हवा असतो आणि ते पुढे करतात तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला फोटो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातील मूळ फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवल्यास त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. त्यातून ४ बाय ६ ची प्रिंट बरी निघते, परंतु १८ इंचांवर पसरल्यावर इंचाला ९० पिक्सेलही उरत नाहीत आणि नंदीच्या गळ्यातील घुंगरांच्या जागी नुसता पिवळा पट्टा दिसतो. मोबाइलच्या पडद्यावर हा फरक जाणवत नसल्याने बोल आमच्या मशीनला लागतो, हे ओघानेच आले.

म्हणून शक्यतो मेमरी कार्डच आणावे. ते जमत नसल्यास फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते. सल्ला हवा असेल तर हे अधिकच आवश्यक आहे, कारण शटरचा वेग (फोटो घेताना शटर किती वेळ उघडे होते), आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) आणि तारीख यांची नोंद मूळ फाइलमध्येच असते. संध्याकाळच्या आरतीचा फोटो अस्पष्ट आला आणि नोंदीत शटरचा वेग १/१५ सेकंद दिसला, तर निम्मे उत्तर तिथेच मिळते: शटर जास्त वेळ उघडे राहिले आणि तेवढ्यात काहीतरी हलले. मागची भिंतही पुसट असेल तर हात हलला. भिंत स्वच्छ आणि मूल पुसट असेल तर मूल हलले, आणि अशा वेळी ट्रायपॉडचा काही उपयोग नसतो. आयएसओ वाढवून वेग १/२०० सेकंदाच्या पुढे न्यावा. फोटोत थोडे दाणे (बारीक ठिपके) दिसले तरी चालतील, चेहरा ओळखू आला पाहिजे.

मोबाइलवर लोकेशन सुरू ठेवून काढलेला फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास त्यासोबत घराचे ठिकाणही जाते, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. आम्हाला पाठवण्यास हरकत नाही, परंतु शंभर जणांच्या ग्रुपवर, विशेषतः शेजाऱ्यांची मुले फोटोत असताना, आधी विचार करावा आणि त्यांच्या आईवडिलांना विचारावे.

लहान कॅमेऱ्यांचे फोटो बहुधा ४:३ प्रमाणाचे असतात. ४ बाय ६ च्या कागदावर ते पूर्ण रुंदीने छापताना वरून-खालून मिळून अर्धा इंच कापला जातो आणि उंच काकांचे डोके त्यातच जाते. पूर्ण चौकट हवी असल्यास ऑर्डर देताना “पांढरी कड ठेवा” असे सांगावे.

कार्डवरील फोटो आपल्यासमोरच उतरवून घेऊन कार्ड लगेच परत केले जाते. प्रिंट हातात पडून तपासून होईपर्यंत ते रिकामे करू नये.