टोपोशीटवरच्या रेषा आणि मोबाईलवरच्या रेषा

सोलापुरातनं सह्याद्रीत ट्रेकला जाणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये हा वाद ठरलेला. परवा सात रस्त्यावर चहा पिताना परत तेच, एकजण मोबाईल नाचवत म्हणतो, "टोपोशीट कशाला घेऊन फिरायलास बे, ह्यात पण समोच्च रेषा दिसायल्यात की, तुझ्या कागदावर २० मीटरला एक, माझ्यात १० मीटरला एक, मग भारी कुठलं?"

समोच्च रेषा म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, २० मीटरला एक म्हणजे उंची २० मीटरनं बदलली की पुढची रेषा, आणि चढ जेवढा खडा तेवढ्या रेषा जवळ जवळ. दिसायला दोन्हीकडं सेम, मान्य. पण टोपोशीट म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा, माणसांनी जमीन मोजून आणि विमानातनं काढलेल्या फोटोंवरनं केलेला. बऱ्याच फुकट ॲपमधल्या रेषा कुणी मोजलेल्याच नाहीत. फेब्रुवारी २००० मध्ये नासाच्या एंडेव्हर अवकाशयानानं ११ दिवस रडार फिरवून उंचीचा डेटा घेतला, साधारण ३० मीटरचा एकेक चौकोन आणि चौकोनाला उंची एकच, चौकडीची चादर अंथरल्यासारखं, आणि त्या आकड्यांतनं कॉम्प्युटरनं रेषा ओढल्या. त्या डेटात उंचीची चूक १६ मीटरपर्यंत चालेल असं मुळातच ठरलेलं, त्यावर १० मीटरच्या रेषा म्हणजे भंगारवाल्याच्या काट्यावर सोनं तोलणं.

आपल्या सोलापूरच्या सपाटीवर ह्यानं काही बिघडत नाही, रेषाच मुळात लांब लांब. खरी गंमत हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर. कागदावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर, आणि कडा तेवढ्यातच शेकडो मीटर खाली जातो, म्हणजे रेषा मावणार कुठं? तिथं नकाशा काढणारा रेषा एकमेकींना चिकटवतो नाहीतर सरळ खडकाची खूण काढतो, ती बघितली की कळतं, इथं वाट नाही. ॲपमध्ये एक चौकोन वर, पलीकडचा खाली, मधे गुळगुळीत उतार. त्यात रडार तिरकं बघतं, त्यामुळं कड्याआड सावली पडते, तिथला डेटाच येत नाही, ती भोकं नंतर अंदाजानं नाहीतर दुसरीकडचा डेटा घेऊन बुजवलेली. (कोकणकडा मधे आत वळलाय, नागाच्या फण्यासारखा, ते मात्र दोन्हीत दिसत नाही.)

टोपोशीटवरच्या पायवाटा जुन्या असतात हे खरं, वाटेसाठी मी पण मोबाईलच बघतो. कड्याच्या बाबतीत नाही.

आमच्या गड्यानं मग तिथंच कोकणकडा झूम करून बघितला, परत झूम केला, रेषा नुसत्या लांब लांब होत गेल्या, खडकाची खूण काही आली नाही.